तळातल्या टीमला कसली घाई?

(वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं देणाऱ्या बाईंनी डिचोली तालुक्यातल्या शाळेत ३३ वर्षं गणित शिकवलं. आता त्या निवृत्त आहेत.)

प्रश्न : बाई, मी मूळचा फोंड्याचा. कळंगुटच्या एका हॉटेलात रिसेप्शनवर रात्रपाळी करतो. पहाटे काम नसतं, तेव्हा लॉबीतल्या टीव्हीवर नाहीतर मोबाइलवर अमेरिकेतला बेसबॉल बघायची सवय लागली. सोबतच्या एकाच्या फोनवर ॲप आहे, तो त्यावर पैसे लावतो. आता सीझनचा शेवटचा आठवडा. एक मॅच मी हेरून ठेवलीय. एक टीम प्लेऑफमध्ये आधीच पोचलेली, दुसरी तळाला. वरच्या टीमचा भाव १.५०, खालच्या टीमचा २.७०. चवथीच्या बोनसमधले २० हजार बाजूला ठेवलेत. वरची टीम जिंकणार हे शेंबडं पोरही सांगेल, मग लावायला काय हरकत? तुम्ही मागे एकदा लिहिलं होतं की तुम्ही बेसबॉल बघता, म्हणून विचारतो. कोण जिंकणार हे कसं ओळखायचं? उपदेश नको, गणित सांगा.

उत्तर : गणित सांगा म्हणालास ते बरं केलंस. वर्गात मी दोन्ही करायची आणि मुलं दोन्ही ऐकायची नाहीत, पण गणिताची निदान परीक्षा तरी व्हायची.

आधी भाव बघ, टीम नंतर. १.५० म्हणजे १०० लावले तर १५० हातात. म्हणजे पदरचं जाऊ नये एवढ्यासाठीच तीनांतल्या दोन मॅच जिंकायला हव्यात, ६६.७ टक्के. २.७० वाल्याला ३७ टक्के पुरतात. आता बेरीज कर. १०३.७ आली ना? मैदानात टीम दोनच, मग शंभराच्या वरचे टक्के आले कुठून? ती खाणाऱ्याची, म्हणजे पैजा घेणाऱ्याची, मजुरी. कोणी जिंको, कोणी हरो, त्याची चूल पेटलेली. यात लपवाछपवी काही नाही, दोन्ही आकडे तुझ्यासमोर छापलेले असतात. बेरीज तेवढी कोणी करत नाही.

आता बेसबॉल. तिथली प्रत्येक टीम मार्चअखेरपासून सप्टेंबरअखेरपर्यंत १६२ मॅच खेळते. त्यातल्या १०० जिंकल्या की त्या वर्षीची ती दादा टीम. तिचे टक्के काढ : ६१.७. आणि १०० मॅच हरणारी, लोक जिला हसतात ती टीमसुद्धा ६२ जिंकलेली असते. २०२४ साली शिकागो व्हाइट सॉक्सनं १२१ मॅच हरून आधुनिक काळातला सगळ्यात वाईट विक्रम केला. तरी ४१ जिंकले, म्हणजे चारांतली एक. शेंबडं पोर जे सांगेल म्हणतोस, ते चार दिवसांतून एकदा खोटं ठरतं, आणि तेही इतक्या रद्दड टीमच्या बाबतीत.

असं का होतं, तर अर्धा खेळ एका माणसाच्या हातात. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा. एक पिचर साधारण पाच दिवसांतून एकदा मॅच सुरू करतो, कारण शंभरेक चेंडू फेकल्यावर त्याचा खांदा आणि कोपर बोलायला लागतात. म्हणजे सोमवारची टीम आणि मंगळवारची टीम, नाव एकच असलं तरी वेगळी. आपण क्रिकेटवाले टीमचं नाव बघतो. बेसबॉलमध्ये पहिला प्रश्न 'आज टाकतोय कोण?' हाच. दुसरा प्रश्न : तो दमल्यावर कोण येणार? आजकाल सुरुवातीचा पिचर मॅचच्या नऊ इनिंगमधल्या पाच-सहा टाकतो, उरलेल्या तीन-चार राखीव पिचरांच्या. काल आणि परवा ओळीनं तेच दोघे-तिघे टाकून गेले असतील तर आज त्यांचा हात गळालेला असतो. गुणतक्त्यात हे दिसत नाही. तिसरं, घरच्या मैदानावरची टीम मागाहून बॅटिंग करते. शेवटचा शब्द तिचा. त्याचा फायदा आहे, पण लोकांना वाटतो तेवढा नाही. शंभरात त्रेपन्न-चोपन्न, बस्स.

हे झालं वर्षभराचं. सप्टेंबरची गोष्टच निराळी, आणि तू नेमका तिथेच पाय टाकतोयस.

प्लेऑफमध्ये पोचलेली टीम ही परीक्षा आधीच पास झालेल्या मुलासारखी असते. तो वर्गात बसतो, पण खिडकीबाहेर बघत. मॅनेजरला काळजी पुढच्या आठवड्याची. सगळ्यात चांगल्या पिचरला तो एक तर खेळवत नाही, नाहीतर तीन इनिंग टाकायला लावून आत बोलावतो, हात मोकळा राहावा म्हणून. बॅटरमागे उकिडवा बसणाऱ्या कॅचरचे गुडघे दुखत असतात, त्याला सुट्टी. हुकमी बॅटर पाचव्या इनिंगनंतर टोपी काढून बाकावर. एरवी २६ जणांचा संघ असतो, १ सप्टेंबरपासून २८ ठेवता येतात. २०१९ पर्यंत तर तब्बल ४० ठेवता यायचे. त्यामुळे बदली माणूस हाताशीच असतो.

आणि तळातली टीम? तिला कसली घाई? हरून आणखी खाली जायला जागाच नाही. तिथे वरच्या वर्गात नुकतीच चढवलेली बावीस-तेवीस वर्षांची पोरं असतात, पुढच्या वर्षी आपली जागा पक्की व्हावी म्हणून जिवाच्या करारावर खेळणारी. नवा पिचर असला तर समोरच्यांनी त्याचा चेंडू आयुष्यात कधी बघितलेला नसतो. धिरयोत, म्हणजे रेड्यांच्या झुंजीत, जसा कुठल्या वाड्यावरचा कोण जाणे, असा एक अनोळखी रेडा येतो आणि नावाजलेल्याला मागे रेटत नेतो, तसं होतं कधीकधी. (धिरयोला कोर्टाची बंदी आहे, हे मला ठाऊक आहे. लहानपणी बघितलेलं सांगतेय.)

माझं बेसबॉल सुरू झालं ते मुलीच्या बाळंतपणापासून. २०११ साली मी बाल्टिमोरला होते. नातू महिन्याचा. २८ सप्टेंबरला घटस्थापना होती. मुलीच्या स्वयंपाकघरात एका प्लास्टिकच्या डब्यात माती घालून मी नऊ धान्यं पेरली, आणि रात्री जावयांनी टीव्ही लावला. सीझनचा शेवटचा दिवस. बाल्टिमोरची ओरिओल्स टीम आपल्या गटात सगळ्यात खाली, ९३ मॅच हरून सीझन संपवणारी. समोर बॉस्टन रेड सॉक्स. सप्टेंबरच्या सुरुवातीला बॉस्टन टॅम्पा बे नावाच्या टीमच्या नऊ मॅच पुढे होतं, प्लेऑफ खिशात. मग महिनाभर असे घसरले की शेवटच्या दिवशी प्लेऑफच्या एकाच जागेसाठी दोघं बरोबरीत. मधे पाऊस आला, मॅच तासाहून जास्त थांबली. मला वाटलं झोपावं आता, पण बाळ झोपेना. नवव्या इनिंगला बॉस्टन ३-२ नं पुढे, ओरिओल्सचे दोन बाद (तिसरा गेला की संपलं), बेसवर कोणी नाही, आणि टाकायला पॅपलबन, त्यांचा हुकमी शेवटचा पिचर. जावई म्हणाले, "आई, आठ इनिंगनंतर पुढे असलेल्या ७७ मॅचपैकी ७७ यांनी या सीझनमध्ये जिंकल्यात." मी बाळाला खांद्यावर थोपटत उभी. मग एक डबल, दोन बेस गाठून देणारा फटका. पाठोपाठ दुसरा. बरोबरी. मग अँडिनो नावाच्या पोरानं चेंडू डावीकडे मारला, बॉस्टनचा क्रॉफर्ड घसरत पुढे आला, चेंडू हातमोज्याला लागून निसटला आणि संपलं. ओरिओल्सचे खेळाडू असे नाचत होते जसं काही जगच जिंकलं, आणि मिळवलं होतं काय? काहीच नाही.

तिकडे त्याच वेळी टॅम्पा बे यँकीजकडून सात इनिंगपर्यंत ७-० नं मार खात होतं. यँकीजची प्लेऑफमधली जागा कधीच नक्की झालेली. त्यांनी सुरुवातीला उतरवला बेटान्सेस, मोठ्या लीगमध्ये कधीच मॅच सुरू न केलेला. शेवटी हुकमी रिव्हेराला आणलंच नाही. आठव्या इनिंगला टॅम्पाच्या सहा धावा. नवव्याला दोन बाद, दोन स्ट्राइक (तिसऱ्या स्ट्राइकला बाद), आणि डॅन जॉन्सन नावाचा, त्या वर्षी दहांत जेमतेम एक हिट मारणारा गडी चेंडू थेट प्रेक्षकांत. बरोबरीमुळे मॅच लांबली, आणि बाराव्या इनिंगला टॅम्पाच्या लाँगोरियाचा होमरन. तिकडे बॉस्टन हरलं त्याला तीन-चार मिनिटं झाली असतील नसतील.

त्या रात्री बॉस्टनवर नवव्या इनिंगला १.०५ च्या भावानं लावणारा कोणीतरी असेलच. त्याच्याकडेही ७७ पैकी ७७ चा आकडा होता.

आता तू म्हणशील, मग तळातल्या टीमवर लावू? थांब. मी जे काही सांगितलं, दमलेले राखीव पिचर, सुट्टीवरचा कॅचर, नवा पोरगा, हे सगळं भाव लावणाऱ्याला तुझ्या-माझ्याआधी माहीत असतं. त्यांच्याकडे त्यासाठी पगारी माणसं आहेत. तुझ्या टीमचा भाव १.५० दिसतोय, यातच अर्धी सुट्टी धरलेली असेल. खेळाडूंची यादी मॅचच्या दोन-तीन तास आधी जाहीर होते. बाल्टिमोरला संध्याकाळी ७:०५ ची मॅच म्हणजे आपल्याकडे पहाटे ४:३५. म्हणजे यादी येते आपल्या मध्यरात्रीनंतर, तू कोणाचं तरी उशिराचं चेक-इन करत असताना. तू फोन हातात घेईपर्यंत भाव हललेला.

माझ्यापुरतं खात्रीचं उत्तर देते. तुझ्या मॅचमध्ये मला विचारशील तर वरचीच टीम जिंकेल, शंभरात साठ-पासष्ट वेळा. आणि तरीही १.५० ला ती घेण्यासारखी नाही. दोन्ही वाक्यं एकदमच खरी आहेत, आणि हेच पोरांना कळत नाही. कोण जिंकणार हा एक प्रश्न. भाव स्वस्त की महाग हा दुसरा. बाजारात बांगडा ताजा आहे की नाही हे तुला कळतं, म्हणून काय मागेल त्या भावानं घेशील? खालच्या टीमचंही तेच. तिची शक्यता ३८ टक्के असेल तर २.७० नं हिशेब किंचित तुझ्या बाजूला पडतो, ३५ असेल तर सरळ तोटा. ३८ आहे की ३५, हे लॉबीतल्या टीव्हीवरून तुला कळणार आहे? मला तर वर्षानुवर्षं बघूनही कळत नाही.

मी हे उगाच बोलत नाही. एका सप्टेंबरात जावयांशी पैज लावून ६० मॅचचे विजेते मी आधी वहीत लिहून ठेवले, भावासकट. प्रत्येकीवर कागदावरचे शंभर रुपये. साठातल्या ३५ बरोबर आल्या. पस्तीस! वर्गात मला आनंद झाला असता. हिशेब केला तर ६,००० चे ५,७४० झालेले. बहुतेक वेळा मी बरोबर होते आणि तरी पैसे गेले, कारण माझ्या बरोबर आलेल्या मॅच स्वस्तातल्या नव्हत्या.

दुसरी एक वही आमच्या घरी होती. माझ्या थोरल्या भावाची. मटक्याची. तुला वाटत असेल अमेरिकेतल्या आकड्यांवर पैसे लावणं हे मोबाइलबरोबर आलं, तर तसं नाही. मटका मुळात न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराच्या भावांवर मुंबईत खेळायचे, तारेनं येणाऱ्या उघडत्या आणि बंद होत्या आकड्यांवर. ते आकडे १९६१ च्या सुमाराला बंद पडले, मग चिठ्ठ्या आणि पत्ते आले. ओपन-क्लोज हे शब्द तेव्हाचेच. भाऊ बस स्टँडमागच्या गाड्यावर जायचा. त्याची वही मी त्याच्या माघारी बघितली. अकरा वर्षांचे ओपन-क्लोज, रोजचे, ओपन निळ्या शाईत, क्लोज तांबड्या. एकही खाडाखोड नाही. समासात बारीक अक्षरात कारणं : 'कदंबा बसचा नंबर', 'आईचा वाढदिवस', 'स्वप्नात विहीर'. इतकं सुंदर अक्षर आमच्या घरात दुसऱ्या कोणाचं नव्हतं. गणितही माझ्यापेक्षा त्याचं चांगलं. शंभर जोड्यांतली एक लागते आणि शंभरपटीपेक्षा कमी देतात, हे त्याला मी नव्हे, त्यानंच मला समजावलं होतं. आईच्या चार पाटल्यांपैकी दोन उरल्या.

राहिले तुझे २० हजार. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेनं कायदा करून पैशांचे ऑनलाइन खेळ चालवण्यावर, त्यांच्या जाहिरातींवर आणि त्यांचे पैसे फिरवण्यावर बंदी घातली. नुसतं खेळणाऱ्याला त्यात शिक्षा नाही, एवढंच धरून तुझा मित्र निर्धास्त असेल. पण त्याला विचार, पैसे भरतो ते कोणाच्या नावावर जातात? कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या खात्यात. त्या माणसावर उद्या पोलिसांत तक्रार झाली की त्याच्याशी व्यवहार केलेलं खातंही गोठू शकतं, आणि तुझा पगार त्याच खात्यात येतो. जिंकलास आणि त्यानं दिलेच नाहीत तर दाद कोणाकडे मागशील? मांडवीतल्या कॅसिनोत निदान दरवाजा दिसतो, आणि तिथेही आपल्या गोंयकारांना २०२० पासून खेळायला मज्जाव आहे.

मॅच मात्र बघ. २०२३ पासून पिचरला घड्याळ लावलंय, त्यामुळे आता पावणेतीन तासांत आटपते. पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू वाजेल तेव्हा सातवी इनिंग चालू असेल.

प्रश्न : बाई, आम्ही साखळीला राहतो. मुलगा सत्तावीस वर्षांचा, नोकरी चांगली. तीन-चार महिने पहाटे चारलाच उठतो, खोलीचं दार लावून मोबाइल बघतो. विचारलं तर म्हणतो, अमेरिकेतल्या मॅच असतात. मामाकडून, शेजाऱ्यांकडून पैसे घेतल्याचं आता कळलं. यांनी कालच त्याचे ४० हजार फेडले. पुन्हा होणार नाही म्हणतो. विश्वास ठेवावा का?

उत्तर : ताई, शब्दावर ठेवू नका, बँकेच्या खात्याच्या उताऱ्यावर ठेवा. सहा महिन्यांचा उतारा त्यानं स्वतः तुमच्यासमोर उघडून दाखवावा. देणं किती, कोणाचं, हे पूर्ण कळल्याशिवाय यजमानांनी दुसरा रुपया देऊ नये. अर्धवट फेडलेलं कर्ज या माणसाला नवं भांडवल वाटतं. आमच्या आईनं तीनदा फेडलं.

त्याला वाईट मुलगा म्हणू नका. ज्याला सगळं मिळालंय त्यालाही हे लागतं. जपानच्या ओहतानीचं नाव त्यानं तुमच्यासमोर घेतलं असेल, आजचा बेसबॉलमधला सगळ्यात मोठा खेळाडू. त्याचा दुभाषा, वर्षानुवर्षं त्याच्या सावलीसारखा वावरलेला माणूस. यानं ओहतानीच्या खात्यातून जवळजवळ १ कोटी ७० लाख डॉलर जुगाराचं देणं फेडायला परस्पर काढले. २०२५ मध्ये त्याला ५७ महिन्यांची कैद झाली. ही गोष्ट मुलाला तुम्ही सांगू नका, त्याला ती तुमच्यापेक्षा जास्त ठाऊक असणार. फक्त विचारा, तो दुभाषा पहिल्या दिवशी किती डॉलर लावायचा असेल रे?

आणि हे घरात बसून सुटत नाही. बांबोळीला मनोविकारांचं सरकारी इस्पितळ आहे. नाव काढलं की आपल्याकडे लोक कुजबुजतात, कुजबुजू द्या. आधी फोनवर बोलायचं तर १४४१६, टेलिमानस, सरकारी आणि फुकट. पहिला फोन तुम्हीच करा. तो करणार नाही.

प्रश्न : पैसे न लावता हा खेळ बघण्यात मजा ती काय? एका मॅचला एवढा वेळ, आणि निम्मा वेळ सगळे उभेच! – एक निवृत्त वाचक, केरी, सत्तरी

उत्तर : भाऊ, तुम्ही पाच दिवसांच्या टेस्ट मॅच ट्रान्झिस्टरवर ऐकलेल्या पिढीतले. तुम्ही हे विचारता?

पैज आमच्याकडेही असते, पैशांची नसते. बाल्टिमोरला असताना हरणारा भांडी घासायचा. आता तो महिन्याचा नातू चौदा वर्षांचा झाला, ओरिओल्सची टोपी घालून व्हिडिओ कॉलवर बसतो, आणि प्रत्येक सीझनच्या शेवटच्या दिवशी आम्ही एक मॅच निवडतो. तो हरला तर त्यानं मला मराठीत पानभर पत्र लिहायचं. मी हरले तर नेवऱ्या पाठवायच्या. गेल्या खेपेला मी हरले. नारळ, रवा, साखर, तूप धरून नेवऱ्या झाल्या तीनशे रुपयांच्या, आणि कुरियरचे लागले तीन हजार. खाणारा इथेही निघालाच एक.